अख्खं गाव एका खोलीत

लालबागला आमच्या गावाची एक खोली होती. त्या खोलीत माणसंच मावत नव्हती, किस्से कुठे मावायला! ते असे आजवर बाहेर सांडतायत.

आम्ही सगळे मालवणकडचे, गिरणीत कामाला. सर्वांत थोरले भिवादादा. एकदा युनियनच्या ऑफिसात कुणीतरी त्यांना विचारलं, "शेती सोडून मुंबईला का आलात?"

दादा म्हणाले, "दगडांचं पीक झकास येतं हो आमच्याकडे. पण शिजत नाहीत!"

*

खोलीत झोपायचं पाळीप्रमाणे. एक उठून कामाला गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, गिरण्या बंद पडल्या आणि पहिल्यांदाच तिन्ही पाळ्या एकदम घरी! पाय ठेवायला जागा नाही.

मी एकाला म्हटलं, "पाव्हणे, आपण कोण?"

"अरे, वर्षभर तुझ्याच उशीवर झोपतोय मी!"

*

आमचा रघू साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. साचेखात्यात आवाज इतका, की बोलायचं ते नुसतं ओठ हलवून आणि हातवारे करून. गणपतीला गडी गावी गेला. आईने विचारलं, "कसो आसस रे?" ह्याने सवयीने ओठ हलवले, बोटं नाचवली.

आईने गळाच काढला, "मुंबयन माज्या झिलाचो आवाज खाल्ल्यान गो!"

*

मोर्चात आम्ही "मुंबई आमची!" म्हणून ओरडत होतो. लाठी आडवी धरून एक हवालदार उभा. म्हणाला, "मुंबई तुमची, तर दर शिमग्याला पळता कुठं रं?"

भिवादादा म्हणाले, "देव गावाला आहेत ना! त्यांना अजून गिरणीत कोणी घेतलं नाही!"

हवालदार माणदेशातला. लाठी काखेत मारून हसला. "आमचा बी तिकडंच बसलाय. पाण्याची वाट बघत!"

*

आणि ही भिवादादांची गोष्ट. लग्नानंतर महिन्याभरात ते मुंबईला आले. पुढे वर्षाकाठी एकदा गावी जायचे, तेवढाच काय तो संसार. एका दुपारी वहिनी गाठोडं घेऊन थेट खोलीच्या दारात!

दादा गडबडले. "तू कित्याक इलंस? हय जागा खय आसा?"

"गावात पोट भरत नाय म्हणान तुमी इलास," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मगे इतकी वर्सां मी थय काय खाय होतंय, तां कदी इचारलास?"

दादांनी खाली बघत गाठोडं हातात घेतलं.

शेजारच्या बाईंची खानावळ होती, त्यांनी वहिनींना ठेवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी वहिनी तिथे भाकऱ्या थापायला बसल्या. आम्ही पंगतीला बसलो. भिवादादाही मान खाली घालून कोपऱ्यात बसले.

वहिनी वाढत वाढत त्यांच्यापुढे आल्या, थांबल्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "नवीन दिसतास. नाव काय तुमचा?"