काळीत अंथरूण घालू नये

आमचा जिल्हा छप्पन साली मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, आणि त्याच्या पुढल्याच वैशाखात मी यवतमाळातून उठून मारेगावाकडच्या एका खेड्यात सून म्हणून गेले. जिल्ह्याला काही फरक पडला की नाही, ते जिल्हाच जाणे. मला पडला. माहेरी आम्ही तीन माणसं तीन खोल्यांत राहायचो. सासरी दोन खोल्यांत नऊ जण झोपायचे: सासू-सासरे, दोन धाकटे दीर, दोन नणंदा, सासऱ्यांची एक म्हातारी मावशी आणि आम्ही दोघं. आम्ही दोघं म्हणजे एकत्र नव्हे बरं का! बायका आत, पुरुष बाहेर. मावशीआजी माझ्या अंथरुणाला लागून झोपायच्या. त्यांना दिसत कमी होतं, पण कान असे की मांजर ओट्यावरून गेली तर कोणत्या रंगाची ते सांगतील.

आठ महिन्यांत नवऱ्याशी माझं बोलणं झालं ते एवढंच. "भाकर वाढू?" "वाढ." कधी कधी "नको" म्हणायचे, तेव्हा मला उगाच वाईट वाटायचं, कारण एक वाक्य वाया गेलं.

सकाळी सगळ्यांच्या अंथरुणांच्या घड्या घालून ठेवणं हे माझं काम. त्यात सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्याबाईंची, एक जुनी गोधडी होती. तिच्या बरोबर मध्यात हिरव्या खणाचं एक गोल ठिगळ होतं, भाकरीएवढं. गोधडी फाटते ती कडेला नाहीतर पायाशी. ही मधोमध कशी फाटली असेल, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मला वाटलं, म्हातारीची हौस. ती गोधडी त्या कुणाला पांघरू देत नसत आणि धुवायलाही देत नसत.

पौष लागला. शेतात तूर भरली होती, हरभरा घाटे धरत होता, आणि रोही, म्हणजे नीलगाई, नि रानडुकरं दोन्हींवर टपलेली. तेव्हा जागलीला जायचं, म्हणजे रात्री वावरात झोपून राखण करायची. मामंजींचे गुडघे गेल्यापासून हे काम आमच्या ह्यांच्याकडे आलं होतं. संध्याकाळी जेवून जायचे, ते दिवस उगवता परत यायचे.

मी एक युक्ती काढली. म्हटलं, इतक्या लवकर जेवून जाण्यापेक्षा मी दिवेलागणीला गरम भाकर वावरात घेऊन जाते. आता नवी सून अंधारात एकटी परत कशी येणार? तेव्हा तिथंच राहावं लागणार. लागलं तर लागलं. हे सगळं मी खाली मान घालून, अगदी नाइलाज असल्यासारखं मांडलं.

आत्याबाईंनी ऐकून घेतलं. "भाकर थंडी झाली तं कोनी मरत नाई," त्या म्हणाल्या. आणि वर, "तुह्या बापाले म्या शब्द देल्ला हाय. पोरीची छाती नाजूक हाय, थंडी लागू देऊ नका, म्हने. उद्या तू खोकत माहेरी गेली तं म्या काय तोंड दाखवू?"

हे खरं होतं. लग्नाच्या मांडवात वडिलांनी एवढीच एक गोष्ट मागितली होती. दोन दिवस मी चुलीपुढं नुसती लाकडं सारत बसले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आत्याबाईच म्हणाल्या, "जाय. पन एक शिंक आयकू आली, का तुही जागल खतम. मंग तूर रोही खावो नाईतं डुक्कर."

असा माझा संसार एका शिंकेवर टांगला गेला.

पहिल्या रात्री आम्ही मचाणावर झोपलो. घरातून निघताना मी दोन गोधड्या आणि एक घोंगडं आणलं होतं, आणि ते सगळं मी शहाणीने अंगावर घेतलं. खाली नुसते बांबू. बांबूंच्या फटींतून वारा असा वर यायचा की कुणीतरी खाली बसून पाठीला फुंकर घालतंय. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आमच्याकडे अंथरूणच नव्हतं, म्हणून पाय पोटाशी. आठ महिने साठवलेलं बोलणं दात वाजण्यात गेलं. पहाटे पाहते तो वरची गोधडी ओलीचिंब. दहिवर. इतकं की कडा पिळली तर पाणी निघालं.

घरच्या अंगणात पाय ठेवला आणि नाकात मुंग्या आल्या. मी नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबला, श्वास धरला, मनात पाढे म्हटले. सतराच्या पाढ्यात शिंक विरली. आत्याबाईंनी गोधडीला हात लावला.

"रात्री पानी आलतं काय?"

"नाही, आत्याबाई."

"मंग गोधडी आंघोळ करून राह्यली होती वाटते."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वावरात तुरीच्या झाडांवर गोधड्या वाळत घालत होते, आणि रडायचीच बाकी होते. शेजारचं वावर तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या काकांचं. त्यांचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या हिंडण्याला ते लदेणी म्हणत. आता ते घराणं शेतीत रमलं होतं, पण उघड्यावर झोपायची अक्कल त्यांच्या हाडांत होती. काका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"बेटी, तू थंडीले वरून झाकून राह्यली," ते म्हणाले. "थंडी खालून येते. एक पांघर, तीन आंथर."

मग त्यांनी मला धडेच दिले. मचाण रोही हाकलायला, झोपायला नव्हे. झोपायचं जमिनीवर. खाली मुगा-उडदाचं कुटार हातभर पसरायचं, कारण भुशासारख्या त्या बारीक चाऱ्यात ऊब धरून राहते. दहिवर पडतं ते उघड्या आभाळाखाली, म्हणून कडब्याच्या पेंढ्या तिरप्या लावून डोक्यावर आडोसा करायचा. "झोपताना चांदन्या दिसल्या नाई पाह्यजे," काका म्हणाले.

मी म्हटलं, "चांदण्या तर दिसायला हव्यात ना, काका." नवं लग्न होतं माझं.

"चांदन्या पाहाच्या का कोरडं झोपाचं, एक काय ते ठरव."

मी कोरडं झोपायचं ठरवलं.

शेवटचा धडा सगळ्यात भारी. जिथं झोपायचं, तिथंच संध्याकाळी शेकोटी पेटवायची. ती जळून गेली की इंगळ झाडून बाजूला करायचे, वर चार बोटं माती पसरायची, त्यावर कुटार, त्यावर अंथरूण. जमीन सकाळपर्यंत गरम राहते. मी गोधड्या गोळा करून पळत सुटले. मागून काका ओरडले, "पन इस्तो बरडावर कर, काळीत नोको!" मी हो हो म्हणत हात हलवला. बरड म्हणजे धुऱ्यालगतची मुरमाड जागा, काळी म्हणजे मधली कपाशीची काळी जमीन. का नको, ते विचारायला थांबलेच नाही.

त्या रात्रीपासून माझे दिवस फिरले. बरडावर पऱ्हाट्यांची शेकोटी केली, कपाशीची वाळकी झाडं ती, भुरभुर पेटायची. भाकरी त्यावरच शेकून खाल्ल्या. मग माती, कुटार, गोधडी, वर कडब्याचा आडोसा. चुलीमागच्या भिंतीला पाठ टेकावी तशी जमीन लागायची. आणि हे बोलायला लागले. मला वाटलं होतं, माणूस मुका आहे. तो मुका नव्हता, मावशीआजींच्या कानांना भीत होता.

काय काय सांगायचे! शाळेत मास्तरांनी कोंडलं तेव्हा खिडकीतून उडी मारून दात पाडला होता, तो दात कोणता, ते दाखवलं. एकदा म्हणाले, "आता आपन मुंबई राज्यात हावो, तं आपल्याले समुद्र कवा दिसन?" मी हसले. मोठ्यानं हसले. सासरी आल्यापासून असं हसले नव्हते. कडबा हलला, आणि लांब कुठंतरी रोही दचकून पळाले असतील. मी त्या माणसाच्या प्रेमात पडले ती मांडवात नाही, त्या बरडावर, हे मी आज सरळ सांगते. आता कोण काय म्हणणार आहे मला!

राखण मात्र जेमतेम. एका सकाळी हरभऱ्याचा एक कोपरा साफ झालेला. मामंजींनी विचारलं, तर हे म्हणाले, "आवाजच आला नाई, बाबा." मी पाठ फिरवून पाणी प्यायले. सकाळी आत्याबाई गोधडीला हात लावायच्या, ती खडखडीत कोरडी असायची. माझ्या नाकाकडे बघायच्या, तेही कोरडं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटायचं, यांना सगळं कळतंय.

मग तूर कापली, आणि तिची गंजी वावराच्या मध्यात रचली. हे म्हणाले, आता गंजीजवळ झोपलं पाहिजे. मला काकांचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, "काळीत नको म्हणाले होते काका."

"मातीले काय कळते कोनती हाय ते? उलटी काळी जास्त गरम राहीन."

नवरा पहिल्यांदा एवढं शास्त्रशुद्ध बोलत होता, मी कशाला मोडता घालू? गंजीपासून थोडं दूर शेकोटी केली, इंगळ झाडले, माती टाकली, अंथरूण घातलं.

काळी जमीन पौषात फाटते. हातभर खोल भेगा पडतात. आम्ही वरचे इंगळ झाडले, पण एक भेगेत उतरला होता, आणि खाली जुन्या पऱ्हाटीचं वाळकं खोड होतं. ते रात्रभर आत धुमसत राहिलं. हे आम्हाला नंतर कळलं.

उजाडायला थोडा वेळ होता. हे झोपेतच म्हणाले, "आज भल्ली ऊब हाय वो."

मी म्हटलं, "हो ना."

थोड्या वेळानं म्हणाले, "जास्तच हाय."

आणि मग आम्ही दोघं एकदमच उठलो. खालून धूर. कुटार पेटलं होतं, गोधडीला मधोमध आग. माझी पाठ वाचली ती काकांच्या 'तीन आंथर'मुळे. ह्यांनी गोधडी ओढून गंजीपासून लांब फेकली, मी पाण्याची घागर तिच्यावर ओतली, घाईत अर्धी स्वतःवरच. तूर वाचली. मी पौषातल्या पहाटे ओलं लुगडं नेसून, हातात जळकी, ओली, वास मारणारी गोधडी घेऊन घराकडे निघाले. हे मागून येत होते. बोलायचे दिवस संपले, हे दोघांनाही कळत होतं.

अंगणात पोचले. मी अंगठा दाबला. सतराचा पाढा म्हटला, एकोणिसाचाही म्हटला. काही उपयोग झाला नाही. एक नाही, सात शिंका आल्या, एकीला एक लागून. मावशीआजी आतून म्हणाल्या, "सात."

मामंजी दात घासत होते. "सूनबाईले सर्दी झाली काय?"

आत्याबाई उखळापाशी उभ्या होत्या. "सर्दी कायची? मिरच्या कुटून राह्यली मी. तुमाले मिरच्यायचा खाट नाकात झोंबून नाई राह्यला?"

उखळ रिकामं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं.

मला आत नेऊन त्यांनी कोरडं लुगडं दिलं, चुलीजवळ बसवलं, गुळाचं गरम पाणी पाजलं आणि छातीला तेल चोळलं. मग गोधडी उलगडली. मधोमध भोक होतं, भाकरीएवढं. त्यांनी त्यातून बोट घातलं, वास घेतला आणि हळूच विचारलं, "काळीत केला काय इस्तो?"

मी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या अंथरुणांकडे. सगळ्यात वर त्यांची जुनी गोधडी होती, आणि मधोमध ते हिरवं गोल ठिगळ. आठ महिने मी ते रोज घडी घालून ठेवत होते.

दुपारी त्यांनी पेटीतून हिरव्या खणाचा उरलेला तुकडा काढला आणि दारात बसून माझ्या गोधडीला लावला. दोन्ही ठिगळं एकाच खणाची झाली.

दिवेलागणीला मी चुलीपुढंच बसून होते. शब्द म्हणजे शब्द.

"जागलीले काहून गेली नाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"सकाळी शिंकले ना, आत्याबाई."

"कवा? म्या तं नाई आयकली." भाकरीचं गाठोडं आणि गोधडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "पन बरडावर करजा. म्या बी सांगतलं होतं, काळीत नोको म्हनून. पन तवा आयकलं कोनं?"

ओसरीवर मामंजी दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जमीन गरम होती पन," ते म्हणाले.

आत्याबाईंनी घाईनं पदर तोंडाला लावला, शिंक आवरतात तसा.