मधुराचे हात, आजची तारीख

गुरुवार, लिक्सलिप, आयर्लंड. सकाळची शिफ्ट केली, कॅन्टीनमध्ये डबा खाल्ला.

समोर लिन बसली होती... आमच्याच टीममधली, मूळची चीनची. तिकडे बहिणीला बाळ झालं म्हणून तिने ऑनलाइन आयरिश लोकरीचं ब्लँकेट घेतलं होतं. "बघ, इथूनच पॅक होऊन जातंय," म्हणत तिने फोन पुढे केला.

व्हिडिओतलं टेबल आमचं होतं. हात मधुराचे... मनगटाजवळ तव्याचा जुना चटका, वर सरकवलेली बांगडी. कोपऱ्यात आजची तारीख.

मधुरा, माझी बायको, हिवाळ्यात गेली.

ब्लँकेटं चीनला ऑनलाइन विकायचं काम तिचं आणि रोहितचं. तो नागपूरचा, इथेच चेरीवूडला आयटीत आहे, आम्हाला दादा-वहिनी म्हणतो. चीनमधल्या गिऱ्हाइकांना नकली मालाची धास्ती, म्हणून पार्सल बांधतानाचा व्हिडिओ मागतात. मधुरा प्रत्येक ऑर्डरचा वेगळा करायची. फोन मी धरायचो.

ती आजारी पडली तेव्हा रोहितने सगळा माल बोटीने चीनमधल्या गोदामात नेऊन ठेवला. ऑर्डर आली की तिथूनच घरपोच, कस्टम्सचं कामही तिथेच. इथे आता कोणी काही बांधत नाही, हे मला माहीत होतं. व्हिडिओचं नव्हतं.

लिनला तिचा फोन परत दिला. पार्किंगमधून रोहितला फोन लावला.

"दादा, जुनाच व्हिडिओ आहे, फक्त तारीख रोज बदलतो. वहिनींचे हात दिसले की लोक डोळे मिटून ऑर्डर करतात. दुसरीचे टाकून बघितले, नाही चाललं."

"काढ तो."

"सेल संपू दे ना. माल तर आयर्लंडचाच आहे, खोटं काय त्यात? टेन्शन नका घेऊ, इट्स ग्रँड."

ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत 'सगळं ठीक'... तिच्या तेराव्याला हाच सगळ्यांना आग्रह करून वाढत होता.

मी म्हटलं, आज काढला नाहीस तर त्याखाली कुणाकडून तरी चिनी भाषेत लिहून घेईन, की या बाई वारल्या. तो मग म्हणाला, "ठीक आहे."

घरी पोचलो तोवर काढल्याचा मेसेज आला होता. सोबत मूळ क्लिप, 'आठवण म्हणून'.

ऑनलाइन दुकानातल्या व्हिडिओवर त्याने म्युझिक टाकलं होतं. मूळ क्लिपमध्ये तिचा आवाज आहे. टेप ओढता ओढता म्हणते, "हलवू नकोस रे... आणि शिट्ट्या झाल्या बघ, गॅस बंद कर."

मागून मी "हो हो" म्हणतोय.

आभार मानायचे तर लिनचे, आणि तिला काही माहीतच नाही. ज्याला सगळं माहीत होतं, त्याच्याबद्दल आता लिहीत नाही.

कपडे बदलले, कुकर लावला. शिट्ट्या झाल्या तसा उठलो आणि गॅस बंद केला.