जावयाच्या हातचं बॉनेट

बाबांची जुनी कॉन्टेसा इतकी वर्षं मीच सांभाळली. तिचं ऑइल मी बदललं, गंज मी घासला, आणि हायवेवर बंद पडली की ट्रकवाल्यांच्या हातापाया पडून ओढत पांढरकवड्याला मीच आणली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला नावं ठेवणार आहात.

तिचं लांबलचक बॉनेट शेवटी गंजून चाळणी झालं. नवं कुठे मिळेना. तेव्हा यवतमाळला फायबरच्या मूर्ती घडवणारा एक कारागीर मी शोधला. त्याने जुन्यावरून साचा काढून हुबेहूब बॉनेट करून दिलं, एका हाताने उचलावं इतकं हलकं. निघताना तो म्हणाला, "भाऊ, बिजागरीजवळच्या स्प्रिंगा पहिले काढजा. त्या लोखंडाच्या वजनाच्या हायेत. तशाच ठेवल्या त् झाकतानी खालून ढकलतीन अन् फायबर तडकन." मी बरं म्हटलं आणि पिकअपमध्ये गादी टाकून ते घरी आणलं.

बाबांनी त्यावरून हात फिरवला. खूश झाले. मग म्हणाले, "रविवारी जवाईबापू येऊन राह्यले. त्याइच्याच हातानं बसवू. धोंड्याचा महिना हाय, जवायाचा हात लागला म्हंजे चांगलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकट्या बहिणीचा नवरा बँकेत खुर्चीवर बसणारा माणूस, पाना कुठून धरतात ते त्याला ठाऊक नाही. पण अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. आणि मी घरचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. तीन दिवस मी मनातल्या मनात जळत होतो, जेवणही गोड लागेना.

रविवारी जावयाला ओवाळलं, अनारशांचं ताट दिलं, टॉवेल-टोपी झाली. मग बाबांनी स्वतः पुसून पाना त्याच्या हातात दिला. मला म्हणाले, "तू तिकून धर."

मी तिकडून धरलं. स्प्रिंग माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. जावई घाम पुसत एकेक बोल्ट आवळत होता, आणि बाबा त्याच्याकडे असे कौतुकाने पाहत होते, जसे माझ्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. चारही बोल्ट बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "बरोबर हाय ना?"

"जवाईबापू करून राह्यले, मंग बरोबरच असन," मी म्हणालो. सगळे हसले. या महिन्यात जावयाच्या कामात कोणी खोड काढत नाही, तेव्हा माझं बोलणं रीतीला धरूनच होतं. पडू दे तोंडघशी, असं मला वाटत होतं.

जावयाने बॉनेट खाली घेतलं. ते मागून वर उचललं जात होतं, म्हणून त्याने दोन्ही तळहातांनी दाबलं. कट्ट आवाज झाला. बिजागरीपासून हातभर चीर गेली.

त्याने हात झटकन मागे घेतले. "माही चुकी झाली मामाजी," तो म्हणाला. वाईट माणूस नाही तो, हीच तर अडचण आहे. मी मात्र बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की ते जसं पाहायचे, तसं आता त्याच्याकडे पाहतील, याची मी वाट पाहत होतो. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

बाबा वाकले. चीर पाहिली, मग बोटाने स्प्रिंग दाबून पाहिली. सरळ झाले तेव्हा माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची काहीच चुकी नाही. तुमच्या हातात मी नुसता मानाचा पाना देल्ला होता. गाडी त् याच्या भरोशावर होती."

हेच त्यांच्या तोंडून मला जन्मभर ऐकायचं होतं.