अव्वाचं बटण

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका गल्लीत गुरुशांतकडे अधूनमधून कुणी ना कुणी फुटक्या काचेचा मोबाइल घेऊन येतंच. "गुरू, तू फोनमधलाच ना? बघ की जरा, तुझा हात फिरला तर चालू हुतंय का." गुरुशांत दरवेळी समजावून सांगतो, की मी फोन दुरुस्त करत नाही, फोनच्या आतलं लिहितो. त्यावर समोरचा माणूस असा बघतो, की एवढं शिकून साधी काच बसवता येत नाही म्हणजे शिक्षण पाण्यातच गेलं. शेवटी गुरुशांतच त्याला चौकातल्या दुकानापर्यंत पोचवून येतो. नाही म्हणणं त्याच्या कुंडलीतच नाही.

पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घराच्या माडीवर बसून करतो. ते काम असं, की नीट झालं तर कुणाला कळतही नाही. फोनच्या पोटात एकाच वेळी बरीच कामं चाललेली असतात. ती करणाऱ्या एकेका गड्याला थ्रेड म्हणतात. हे सगळे गडी सारखे पळत राहिले तर बॅटरी दुपारलाच राम म्हणायची. म्हणून त्यांना वळण लावावं लागतं: काम आलं की उठायचं, उरकायचं, आणि पुन्हा जागेवर येऊन पुढच्या कामाची वाट बघत झोपायचं. या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. गुरुशांतच्या डोक्यावरचे निम्मे केस हे फेरे लावण्यातच गेलेत.

नव्या पोरांना शिकवताना तो वडिलांचा दाखला द्यायचा. मल्लिनाथअण्णांचं किराणा दुकान होतं. दुपारी अण्णा गादीवर बसल्या बसल्या घोरायचे, पण पायरीवर गिऱ्हाइकाचं पाऊल पडलं की डोळे उघडायच्या आधी हात तराजूकडे जायचा. "थ्रेड असा पाहिजे," गुरुशांत सांगायचा. "घडोघडी रस्त्यावर येऊन 'कुणी येतंय का' बघणारा दुकानदार धंदा करत नाही, नुसता दमतो." पोरांना ते पटायचं. सांगणाऱ्याला मात्र स्वतःच्या घरात त्याचा विसर पडला, त्याचीच ही गोष्ट.

त्याची आई, नीलम्मा, म्हणजे अव्वा. घरात कन्नड, दारात मराठी आणि भाजीवालीशी भांडताना दोन्ही, असा तिचा खाक्या. तिचा आवाज असा खणखणीत, की मंगळवारच्या बाजारातही तिला फोनची गरज पडली नाही. रोज दुपारी एक वाजता ती जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर हाक मारायची, "गुरू, ऊटक्क बा!" जेवायला ये. त्या हाकेवर शेजारचे दोन पेन्शनर म्हातारेही हात धुवायला उठायचे. गुरुशांतनं जेवायच्या वेळेसाठी म्हणून कधी घड्याळ बघितलंच नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी ती हाक आली नाही. गुरुशांत मीटिंगमध्ये होता. आज भाकऱ्यांना उशीर झाला असेल, बरंच झालं, असं वाटून तो बोलत राहिला. बऱ्याच वेळानं भूक लागली म्हणून खाली आला, तर अव्वा जिन्याच्या पायथ्याशीच पडलेली. तोंड वरच्या दिशेला होतं. हाक मारायला आली होती आणि हाक मारायच्या आधीच कोसळली होती. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि तो खणखणीत आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, सगळं समजतंय त्यांना, बोलता येत नाही एवढंच. हळूहळू सुधारेल.

गुरुशांतनं त्या दिवशी मनाशी एक गाठ मारली. हाक आली नाही म्हणून आपण बसून राहिलो. आता पुन्हा हाकेची वाट बघत बसायचं नाही.

त्याची बायको सिद्धेश्वरी टपाल खात्यात काउंटरवर असते. ती सकाळी सगळ्यांचं आवरून जाते ती संध्याकाळीच येते. दिवसभर घरात गुरुशांत आणि अव्वा. अव्वानं बोलवायचं कसं? पितळी घंटा दिली, ती डाव्या हातातून निसटायची. दाराची असते तशी बेल लावू, असं सिद्धेश्वरी म्हणाली. "आणि मी औषधं आणायला गेलो असलो तर?" गुरुशांतनं विचारलं. अण्णांच्या पलंगाच्या उशाला एक जुनं लोंबतं बटण होतं, पडल्या पडल्या दिवा लावायचं. ते त्यानं सोडवलं, त्याची वायर एका जुन्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात जोडली आणि प्रोग्राम लिहिला. अव्वानं बटण दाबलं, की गुरुशांत असेल तिथं त्याच्या खिशातल्या फोनवर घंटा वाजायची. अडचण एकच होती, की बटण जोडलेलं असताना त्या जुन्या फोनला चार्जिंग मिळायचं नाही. ते रात्री करायचं, तो स्वतः अव्वाच्या खोलीत झोपायचा तेव्हा.

त्या फोनचं मात्र काहीतरी बिनसलेलं होतं. सकाळी पोटभर चार्ज केलेला फोन दुपारपर्यंत तव्यासारखा तापायचा आणि बॅटरी तळाला जायची. गुरुशांतनं बॅटरी बदलली, पडद्याचा उजेड कमी केला, सोलापूरच्या उन्हालाही शिव्या घालून झाल्या. भरवसा नाही म्हणून मग तो स्वतःच जिना उतरून यायचा. "अव्वा, पाणी देऊ? पंखा वाढवू? कूस बदलू? पाय दुखतोय का?" अव्वा मान हलवायची, नको. तो वर जायचा आणि दहा ओळी लिहून पुन्हा खाली यायचा. या धावपळीत स्वतःच्या जेवणाचं भान कुणाला? सिद्धेश्वरीनं मधल्या खोलीत झाकून ठेवलेलं त्याचं ताट तीन-तीन वाजेपर्यंत तसंच असायचं. अव्वाच्या पलंगावरून ते समोरच दिसायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो औषधं आणायला गेला आणि दुकानात गर्दीत अडकला. इकडे लाइट गेली, पंखा थांबला. माडीवरच्या पत्र्याची उष्णता खाली उतरायला लागली. अव्वानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फोन केव्हाच बंद पडला होता. गुरुशांत परत आला तेव्हा अव्वाची उशी घामानं ओली झाली होती, ओठ कोरडे पडले होते, आणि डाव्या हाताचा अंगठा अजून बटणावरच होता. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती घाबरलेली होती, आणि अव्वाला घाबरलेलं त्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

अक्कलकोटच्या महेश्वरीअक्काला, त्याच्या थोरल्या बहिणीला, हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. "गुरू, मी तुझ्या चुका काढत न्हाई. पण तासभर अव्वा घामात पडून हुती की रे. शनिवारी गाडी घिऊन येते. आमच्या घरात चार माणसं असतात, कुणी ना कुणी बघतंय. न्हाई म्हणू नगंस."

गुरुशांत न्हाई म्हणाला नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? पण फोन स्पीकरवर होता आणि अव्वाच्या कानाला काही झालेलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं पलंगाची कड धरली. ही खोली, हा जिना, समोरचं ते स्वयंपाकघर सोडून तिला कुठंही जायचं नव्हतं, हे सांगायला तोंडाची गरज पडली नाही. सिद्धेश्वरीला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

अव्वा शांत झाल्यावर गुरुशांत पुन्हा तिच्या उशाशी गेला. "अव्वा, पाणी देऊ? पंखा..." अव्वानं डोळे मिटले. झोप लागली असं समजून तो चवड्यांवर बाहेर आला.

"झोपल्या न्हाईत त्या," सिद्धेश्वरी पीठ मळता मळता म्हणाली. "तुमची चाहूल लागली की डोळे मिटतात."

"का?"

"तुमी विचारायला आलात की मान हलवून नको म्हणायला लागतंय. दिवसभर नको, नको, नको. लई दमतात हो त्या. सोंग घेतलं की तुमी निघून जाता, तेवढाच आराम."

हे ऐकून गुरुशांतला आधी राग आला. आपण एवढं जिवाचं रान करतोय, आणि आईला आपल्यापासून आराम मिळावा म्हणून झोपेचं सोंग घ्यावं लागतंय! तो माडीवर गेला आणि काही सुचेना म्हणून त्या जुन्या फोनचा प्रोग्राम उघडून बसला. अव्वाला घरी आणल्यावर तिच्या उशाशी बसून एका रात्रीत लिहिला होता तो. त्यानंतर त्यानं बॅटरी तपासली, वायर तपासली, ऊन तपासलं. पण स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचलं नव्हतं.

चूक अगदी वरच होती. बटणाकडे लक्ष ठेवणाऱ्या थ्रेडला एकेका फेरीत किती वेळ थांबायचं हा आकडा द्यावा लागतो. उणे एक लिहिलं, तर काही येईपर्यंत तो खुशाल झोपतो, आणि बटण दाबल्याबरोबर फोनच त्याला उठवतो. गुरुशांतनं तिथं शून्य लिहिलं होतं. शून्य म्हणजे थांबूच नकोस. दाबलं का? दाबलं का? दाबलं का? बिचारा थ्रेड सकाळपासून एकच प्रश्न विचारत धावत होता, आणि अव्वानं खरंच बटण दाबलं तोवर त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. नव्या पोरानं असं लिहिलं असतं तर गुरुशांतनं त्याला अण्णांची गोष्ट ऐकवली असती. स्वतः लिहिताना त्याला अण्णा आठवले नव्हते. जिन्याच्या पायथ्याशी पडलेली अव्वा आठवली होती. भीतीनं लिहिलेलं होतं ते.

त्यानं शून्य खोडलं, उणे एक लिहिलं. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनला हात लावला, तर तो माठासारखा गार. बॅटरी जेमतेम उतरलेली. त्यानं अव्वाच्या पायाशी बसून कन्नडमध्ये सांगितलं, "अव्वा, आता मी सारखा विचारायला येणार नाही. तू बटण दाब, मी येतो. नक्की येतो." अव्वानं डोळे न मिटता मान हलवली. यावेळी ती मान नको म्हणत नव्हती.

फोनचं एका आकड्यात भागलं, माणसाचं भागत नाही. न विचारता बसणं म्हणजे काय असतं, हे गुरुशांतला पुढच्या दोन दिवसांत कळलं. दहा ओळी झाल्या की पाय आपोआप जिन्याकडे वळायचे. मग पहिल्या पायरीवर उभा राहून तो कान द्यायचा, आणि स्वतःलाच दटावून परत खुर्चीवर येऊन बसायचा. दोन्ही दिवशी घंटा वाजली ती कधी पाण्यासाठी, कधी कूस बदलायला. तो धावत गेला. तरी मनातली धाकधूक काही जाईना.

शनिवारी सकाळी अक्का आली. पिशवी आणलेली होतीच. आतल्या खोलीतल्या कपाटातून अव्वाची लुगडी काढायला लागली, आणि मध्येच माडीवर येऊन म्हणाली, "इतका वेळ झाला, अव्वाला काय पायजे का विचारलास का?"

"नाही. हाक येईल."

"आली न्हाई म्हणजे?"

गुरुशांतनं खिशातला फोन काढून बघितला आणि पुन्हा ठेवला. अक्कानं त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि खाली गेली. गुरुशांत स्क्रीनसमोर नुसता बसून राहिला. एक ओळ सुचेल तर शपथ. अक्का म्हणते ते खरंच असलं तर? एकदा खाली जाऊन बघायला काय हरकत आहे? तो उठला, आणि पुन्हा बसला. आणि तेवढ्यात खिशात घंटा वाजली.

तो दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला. घंटेचा आवाज ऐकून अक्काही हातातल्या लुगड्यासकट पळत आली. "काय झालं, अव्वा? पाणी?" अव्वानं मान हलवली. पंखा तर चालू होता. "कूस बदलायची? छातीत दुखतंय?" सवय कुठली जायला! अव्वानं वैतागून एकदा डोळे मिटले, उघडले, आणि डावा हात बटणावरून उचलून मधल्या खोलीकडे केला. तिथं सिद्धेश्वरीनं झाकून ठेवलेलं ताट होतं. मग तेच बोट तिनं गुरुशांतच्या छातीकडे वळवलं.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता.

गुरुशांतला कळेना. कळलं अक्काला, आणि तिचा आवाज एकदम फुटला. "अरे येड्या, ऊटक्क बा म्हणतीया तुला!"

इतके महिने जो तो अव्वाला विचारत होता, तुला काय हवं. कुणाला तरी हाक मारून जेवायला बसवणं हेच तिला हवं असेल, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. गुरुशांतनं ताट उचललं आणि पलंगासमोर फरशीवर बसला. कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीवर दही घेतलं. अव्वा त्याच्याकडे एकटक बघत होती, तिच्या पूर्वीच्या त्या नजरेनं, जिच्यासमोर ताटात काही टाकायची हिंमत होत नसे. त्यानं पहिला घास घेतला, मग दुसरा.

त्याच्या खिशात पुन्हा घंटा वाजली. त्यानं दचकून वर बघितलं. अव्वा तर समोरच होती. अंगठा बटणावर होता, आणि डोळे दारात लुगडं घेऊन उभ्या असलेल्या लेकीवर.

"आले, अव्वा, आले," अक्का म्हणाली. डोळे पुसत तिनं लुगडं पलंगावर टाकलं आणि भावाच्या ताटाशेजारी बसून त्याची अर्धी भाकरी ओढून घेतली. तिची पिशवी संध्याकाळी रिकामीच अक्कलकोटला गेली.