द्राक्षांच्या गावात प्यालेला घोट

बायको आजारी पडली त्या उन्हाळ्यात मी नवस बोललो. दुबईच्या चर्चमध्ये, शुक्रवारी. तिकडे रविवार कामाचा दिवस, म्हणून आमची मिस्सा शुक्रवारी. गुडघ्यावर बसून म्हटलं, ही बरी होईपर्यंत दारूचा थेंब घेणार नाही. बियर नाही, वाइन नाही, नाताळातसुद्धा नाही. मोठ्यानंच बोललो वाटतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "देवाला तरी खरं सांगायचं होतंस."

आम्ही दोघं वसईकडचे. मूलबाळ नाही. जुमेराला एका फ्रेंच साहेबाच्या व्हिलात कामाला होतो. मी स्वयंपाकी, ती घर बघायची. व्हिसा साहेबाचा, मागची खोली साहेबाची, पासपोर्टही साहेबाच्याच कपाटात. तेव्हा सगळ्यांचे तसेच असायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

मी पीत होतो ते लपवत नाही. रोज प्यायचो. लायसन नसलं तर दुबईत मिळत नाही, पण गाडीच्या डिकीतून विकणारे असतात. माझी ओकारी तिनं पुसलेली आहे, एकदा नाही, पुष्कळदा. त्यामुळे तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा माझ्याकडे सोडण्यासारखं दुसरं होतं काय? तेच दिलं.

ऑपरेशन झालं, मग दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. केस गेले. डोक्याला काळा रुमाल बांधून आरशात बघून म्हणाली, "बघ, आता मला अरबीण म्हणून कोणीपण पळवील." मी हसलो नाही. ती मला सगळ्यांसमोर अरे-तुरे करायची. मला चालायचं.

सप्टेंबरात साहेब म्हणाला, फ्रान्सला गावी द्राक्षांची तोडणी आहे, म्हातारा बाप एकटा आहे, वीस-पंचवीस माणसं जेवायला असतात, तू तीन आठवडे चल. इंजेक्शनांचा खर्च साहेब करत होता. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? तरी म्हटलं, हिला सोडून कसा येऊ? तर हीच म्हणाली, "जा रे. मी बहिणीकडे राहते. तू इथं बसून माझ्याकडे बघत बसतोस, मला मेल्यासारखं वाटतं." तिची धाकटी बहीण शारजाला अल मजाजमध्ये राहायची, ऑफिसात कामाला. तिच्याकडे हिला सोडलं आणि मी विमानात बसलो.

गाव लहान होतं. एक चर्च, एक पाववाला, एक चौक, बाकी सगळी दगडी घरं, खिडक्या दुपारच्याही बंद. भोवती टेकड्या आणि टेकड्यांवर द्राक्षं. मला वाटलं होतं आपल्याकडच्यासारखे मांडव असतील. तसं नाही, कमरेएवढी झुडपं, ओळीनं उभी. तोडणाऱ्याला दिवसभर वाकूनच राहायचं. सगळ्यांचे हात जांभळे. पोरींचे, म्हाताऱ्यांचे, पाववाल्याचेसुद्धा.

आणि वास. त्याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक घराखाली तळघर, तळघरात रस उकळल्यासारखा बुडबुडत असतो, आणि तळघराच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात, गुडघ्याच्या उंचीवर. पाव आणायला गेलं तरी दोन्ही बाजूंनी दारूचा वास अंगावर येतो. मी रस्त्याच्या मधून चालायचो. मागून गाडी हॉर्न मारायची.

स्वयंपाकातही तेच. त्यांच्या मटणात वाइन ओततात, बाटलीच्या बाटली. मी ओतायचो, पण चव घेत नव्हतो. चव न घेणारा स्वयंपाकी! पहिल्या दिवशी साहेबाच्या बापानं एक घास खाल्ला आणि मिठाकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी त्यानं काहीतरी बडबड केली, सगळी पंगत हसली. साहेब मला म्हणाला, "बाबा विचारतात, तू आम्हाला विष घालतोस का? स्वतः चाखत का नाहीस?"

मग साहेबानं त्याला माझ्या नवसाचं सांगितलं. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानं माझ्यासमोर एक ग्लास आणून ठेवला, गढूळ, गुलाबी. साहेब म्हणाला, "हा ताजा रस आहे. आज सकाळचा. दारू नाही." मी विचारलं, "उद्या काय होईल याचं?" साहेब म्हणाला, "उद्या थोडी होईल." मी ग्लास मागे सरकवला. म्हाताऱ्यानं तो स्वतः पिऊन टाकला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून मिठाची चव तोच बघायला यायचा, चमचा खिशात घेऊन.

एकाआड एक दिवस मी चौकातल्या फोनवरून शारजाला, तिच्या बहिणीच्या मोबाइलवर, फोन करायचो. कार्ड घालायचं, आकडे पळताना दिसायचे.

"कशी आहेस?"

"आहे की. गोऱ्या बायका बघितल्यास का?"

"सगळ्या वाकलेल्या असतात. तोंडं दिसत नाहीत."

"मग काय दिसतं, मेल्या?" आणि हसायची. हसता हसता खोकायची.

मी विचारायचो, खोकला कसला? ती म्हणायची, एसीचा. बहीण फोन घ्यायची, "भावजी, टेन्शन नका घेऊ, सगळं ओके आहे, रिपोर्ट यायचेत." आमच्याकडे परदेशातल्या माणसाला आजारपण कळवत नाहीत. तो तिथून काय करणार, उगाच जीव खालीवर होईल, म्हणून. मीही माझ्या बापाच्या वेळी असाच फसलो होतो. फोनवर सगळे म्हणत होते, बाबा झोपलेत. आणि तरी मी परत विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला.

तोडणी संपली त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा होती. रविवारी मिस्सा, मला चुकल्यासारखंच वाटत होतं. माणसं वीसएक. फादर म्हातारे. मी मागच्या बाकावर बसून तिच्यासाठी मागत होतो, मराठीत, भांडल्यासारखं. आणखी काय पाहिजे तुला, म्हटलं. तीन महिने झाले.

कम्युनियनची रांग लागली. आमच्याकडे वसईला फक्त भाकर देतात, जिभेवर. वाइन फादर एकटेच घेतात. मी रांगेत उभा राहिलो, भाकर घेतली आणि वळलो, तर पुढे एक बाई चांदीचा कप घेऊन उभी. प्रत्येक जण नुसते ओठ लावून पुढे जात होता. मागून माणसं येत होती.

इथं मी खोटं लिहू शकलो असतो. लिहिलं असतं, की मला कळलंच नाही, रांगेनं ढकललं. पण मला चांगलं कळलं होतं. बाजूनं निघून जाता आलं असतं, माझ्या पुढची एक म्हातारी गेलीही तशीच. कपाजवळ आलो आणि वास आला, तीन महिन्यांचा घसा एकदम उघडला. दोन्ही हातांनी कप धरला. ओठ लावायचे असतात, मी घोट घेतला. मोठा. बाईनं कप ओढला तेव्हा सोडला. देवाचं नावही तोंडात नव्हतं. एवढंच वाटलं, अजून.

बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. साहेब आणि त्याची बायको तिथूनच गाडीनं नातेवाइकाकडे गेले, सोमवारी येणार होते. मी सरळ फोनकडे गेलो. तिला सांगून टाकायचं होतं. सांगितलं की ती शिव्या देईल, मग बरं वाटेल.

फोन बहिणीनं उचलला आणि रडायला लागली. "भावजी, ताई हॉस्पिटलमध्ये आहे. गुरुवारपासून. फुफ्फुसात पाणी झालंय. ती म्हणाली, त्याला सांगशील तर तोंड बघणार नाही तुझं. मी काय करू?"

"परवा तर बोलली ती माझ्याशी."

"हॉस्पिटलमधूनच बोलली. माझ्या मोबाइलवरून."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"या तुम्ही. बस, या."

मी धावलो. पासपोर्ट आणि तिकीट साहेबाच्या टेबलाच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली साहेबाच्या खिशात. म्हातारा जेवून खुर्चीत झोपला होता. हलवून उठवलं. मला त्याच्या भाषेतले दहा शब्द येत होते, कांदा, मीठ, उद्या, असले. म्हटलं, "मा फाम. ओपिताल." माझी बायको, हॉस्पिटल. आणि खणाकडे बोट केलं. त्यानं फोन फिरवला, पलीकडे कोणी उचलेना. परत फिरवला. मी जमिनीवर बसलो. त्याचे पाय धरले म्हणायला हरकत नाही. धरलेच.

म्हातारा तळघरात गेला. मला वाटलं, गेला हा. तर पिंप उघडायची लोखंडी पहार घेऊन आला आणि पोराचं टेबल फोडलं. शिसवीचं असावं, जुनं, चांगलं. दोन दणक्यांत खण बाहेर. पासपोर्ट माझ्या हातात दिला, स्वतःच्या पाकिटातल्या नोटा न मोजता माझ्या खिशात कोंबल्या आणि मालाच्या गाडीत घालून मला स्टेशनवर नेलं. गाडीत मागे रिकामी पिंपं आपटत होती आणि तोच वास. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलो.

विमानतळावर तिकिटाची तारीख बदलून देईनात. एक खिडकी दुसरीकडे पाठवायची, दुसरी पहिलीकडे. सोमवारी सकाळी एका बाईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं शिक्का मारला. तोपर्यंत मी बाकावर बसून एकच हिशोब करत होतो. घोट घेतला तेव्हा किती वाजले होते? दुबईत तेव्हा किती? त्याच वेळी हिचा श्वास अडकला का? पण ती तर गुरुवारपासून आत होती. म्हणजे आधी आजार, मग घोट. हे मी स्वतःला शंभर वेळा समजावलं. एकदाही पटलं नाही.

मंगळवारी पहाटे पोचलो. नळ्या लावलेल्या. मला बघून म्हणाली, "कोणी सांगितलं? थांब, तिला बघते मी."

मी बसलो आणि पहिल्यांदा तेच सांगितलं. "मी प्यालो. चर्चमध्ये. कपातून."

मला वाटलं, आता शिव्या देईल. तर म्हणाली, "कशी होती?"

"आंबट."

"एवढ्या लांब जाऊन आंबट प्यालास?"

मग मी तिच्यावर ओरडलो. आयसीयूत. "तू मला का नाही सांगितलंस? मी तिकडे मीठ मोजत बसलो होतो आणि तू इथं," असं काहीतरी. नर्स आली, केरळची, म्हणाली, "भैया, धीरे." ही म्हणाली, "ओरडू दे त्याला. पिऊन ओरडायचा, तेव्हा कळायचं नाही काय बोलतो. आज कळतंय." नंतर मास्क लावला, मग बोलणं झालं नाही. मी हात धरून होतो. हात गरम होता. बुधवारी दुपारी बहीण खाली चहा आणायला गेली होती तेव्हा ही गेली. मी डॉक्टरला म्हटलं, परत बघा. त्यानं परत बघितलं. म्हणाला, "खलास, बाबा."

तिला वसईला आणली. परत तिकडे गेलो नाही. साहेबाचं पत्र आलं होतं, एका शेजाऱ्यानं वाचून दाखवलं. टेबलाबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी आमच्या फादरांना गाठलं. सगळं सांगितलं, घोट किती मोठा तेही. फादर तरुण, शिकलेले. म्हणाले, "अहो काका, वेदीवर आशीर्वाद दिल्यावर ती वाइन राहत नाही. ते ख्रिस्ताचं रक्त. नवस मोडलाच नाही."

मी म्हटलं, "फादर, तुमच्यासाठी रक्त असेल. मी वाइन प्यालो."

ते माझी समजूत काढत राहिले. मी विचारलं, "बरं, मोडला नाही म्हणता, तर मग तो अजून चालू आहे का? मी बोललो होतो, ती बरी होईपर्यंत. आता ती काय बरी होणार आहे? मग कधीपर्यंत?"

फादर म्हणाले, "काका, तुम्ही थकलात. घरी जा."

घरी आलो. तेव्हापासून प्यालो नाही. लोक म्हणतात, बायकोच्या आठवणीत सोडली, केवढं प्रेम. मला आजही प्यायचीच असते, रोज, दिवे लागले की. जिला विचारून प्यायची ती नाही, आणि ज्याला नवस बोललो होतो तो बोलत नाही. मग मी भात टाकतो, एका माणसाचा, आणि मीठ किती घालायचं ते मला अजून जमत नाही.