टीव्हीला पाठ करून

जामखेडच्या आमच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात कॅमेरा मी धरायचो, पण चित्र पास की नापास हे ठरवायची माझी बायको जयमाला. तेही टीव्हीला पाठ करून! लग्नाच्या कॅसेटवरून सीडी तयार झाली की ती त्या घरच्या माणसांना बोलवायची, चहा द्यायची आणि टीव्हीशेजारी स्टूल टाकून त्यांच्या तोंडांकडे बघत बसायची. "मानसं तोंडानं छानच म्हनत्यात," ती सांगायची, "डोळं कुठं बारीक करत्यात ते बघायचं." मी तिची भरपूर टिंगल करायचो.

नव्व्याण्णव साली खर्ड्याच्या पुष्पावतीमावशी लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे मालक भिमाजी वारले होते. वधूवरांवर फुलं उधळताना ते लेकीमागे उभे राहून हसतात, तेवढीच जागा मावशी रोज लावून बघत. त्यामुळे फीत नेमकी तिथेच झिजत चालली होती. ती जायच्या आत त्यांना सीडी हवी होती.

सीडी लावली. मावशींबरोबर आलेले पाहुणे म्हणाले, लई झ्याक. माझी कॉलर ताठ झाली. जयमालानं मात्र मध्येच सीडी थांबवली. फुलं पडताना सगळे नवरीकडे बघत होते, आणि मावशी उठून पदरानं टीव्हीची काच पुसत होत्या.

"मावशी, काय दिसंना?"

"मालक दिसंनात गं. नुसत्या चौकटी दिसत्यात. माझंच डोळं गेलं आसत्याल."

"तुमचं डोळं बरं हायेत. सीडीच पुन्हा करायची."

मी चिडलो. "सगळ्यांनी छान म्हटलं. एका माणसापायी पुन्हा?"

"अहो, रोज बघनारं तेच एक मानूस हाय."

सीडीत दर सेकंदाच्या चित्राला ठरावीकच जागा मिळते. शेकडो पाकळ्या एकदम हलल्या की त्या सगळी जागा खातात, मागच्या चेहऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही, त्याच्या नुसत्या चौकटी होतात. जयमालानं तेवढा तुकडा निम्म्या वेगाचा केला. पाकळ्या सावकाश पडू लागल्या आणि त्यांच्यामागे भिमाजी मिशीसकट दिसू लागले.

मावशींना पुन्हा बोलावलं. या वेळी मीही टीव्हीला पाठ करून जयमालाशेजारी उभा राहिलो. फुलांची जागा आली. मावशींनी डोळे बारीक केले नाहीत, पदरही उचलला नाही.

"आता बरं झालं," त्या म्हणाल्या. "आदी लगीच जायचे. आता जरा थांबत्यात."