पिवळाच खडू

आमच्या पाळणाघरात केळी पिकवणाऱ्या घरांतली बरीच मुलं येतात. त्या सकाळी त्यांनी सतरंजीचा ट्रक केला होता आणि उशांचे घड त्यात भरत होती. चार वर्षांची एक मुलगी कमरेवर हात ठेवून सगळ्यांवर ओरडत होती. मी मुद्दाम मध्ये पडले नाही.

तेवढ्यात पाळणाघर चालवणाऱ्या मॅडम आल्या. “ॲक्टिव्हिटीची वेळ झाली ना?”

“खेळ रंगलाय मॅडम, थोडं खेळू द्या.”

“पालक फोटो मागतात. उशांचा फोटो टाकू का ग्रुपवर?”

ट्रक मोडला. मुलांना ओळीत बसवून केळ्याचं छापील चित्र रंगवायला दिलं. त्या मुलीनं हिरवा खडू उचलला. मॅडमनी तो काढून घेऊन पिवळा दिला.

“पण ट्रकमध्ये तर हिरवीच केळी जातात,” ती म्हणाली.

मॅडम फोटो काढत होत्या. मी हळूच हिरवा खडू तिच्यापुढे सरकवला, तर तिनं तो मलाच परत दिला आणि पिवळं रंगवत राहिली.

संध्याकाळी तिची आई खुशीत म्हणाली, “फोटो पाहिला. आज छान शिकवलंत, ताई.”

माझा नुसता जळफळाट झाला. तिच्या मुलीनं परत दिलेला हिरवा खडू मी डब्यात ठेवून दिला.